मोकळा गोल

टिटवी हे तिचं मैदानावरचं नाव. एकदा खेळायला उतरली की तिचं तोंड मिटत नसे. "मागे ये!", "मला दे, मला दे!", "अगं डावीकडे!" असा तिचा सारखा ओरडा चाले. आवाज इतका चिरका की कुंपणापलीकडे बसची वाट बघणारी माणसंसुद्धा दचकून डावीकडे बघत. पुढे तेच नाव वर्गात गेलं, घरी गेलं आणि कामावरही गेलं. मैदान सोडलं तर ती अबोलच म्हणायची, पण एकदा चिकटलेलं नाव कुठे सुटतंय!

सकाळी कॉलेज आणि दुपारी काम, असा तिचा दिवस. काम एका बुटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, खिडकीत कायम अर्धवट सुकलेलं एक रोप आणि खालून येणारा नव्या चामड्याचा वास. तिथे बसून व्हिडिओ बघायचे. लोकांनी घरात, रस्त्यावर, कुठेही काढलेले आणि बघता बघता जगभर पसरलेले. ज्याने काढला त्याला शोधून काढायचं, "हा तुम्हीच काढलाय ना? आम्ही वापरला तर चालेल का?" असं विचारायचं आणि तो हो म्हणाला की बातम्यांच्या वाहिन्यांना, जाहिरातवाल्यांना पुढे द्यायचा. हा कारभार जिच्या हाती होता तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडम चालताना बोलत, बोलताना खात आणि खाताना टाइप करत.

टिटवीचं काम या सगळ्याच्या आधीचं. व्हिडिओ खरा की बनवलेला, ते तिने सांगायचं. यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. फ्रिज उघडणाऱ्या मांजरीच्या व्हिडिओत दाराला बांधलेला दोरा तिला दिसे. अंगावर पडणाऱ्या कपाटाखालून मुलाला ओढून घेणारा बाप बघून सगळ्या ऑफिसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "कपाट हलायच्या आधीच कॅमेरा कपाटाकडे का वळलाय?" झालं, सगळ्यांचे रुमाल खिशात. ती म्हणायची, खरं घडतं तेव्हा माणूस आधी बघतो आणि मग हलतो. बनवलेलं असतं तेव्हा आधी हलतो आणि बघायचं त्याला नंतर आठवतं. मॅडमचा तिच्यावर इतका भरवसा होता की तिने मान हलवली की पुढे कुणी विचारत नसे.

आणि संध्याकाळी खेळ. कॉलेजचा एक मोठा, जिंकणारा संघ होता, त्याचे फोटो जिन्यात लावलेले होते. त्या संघात ज्यांना घेतलं नव्हतं, आणि घ्यायचं कुणाच्या मनातही येणार नव्हतं, अशा मुलींनी मिळून फुटबॉलचा एक हौशी संघ काढला होता. संघाचं नाव त्यांनीच ठेवलं, 'उरलेसुरले'. आसपासच्या कॉलेजांतले असेच हौशी संघ आपसांत सामने खेळत. प्रेक्षक नाहीत, बक्षीस नाही. हरलेल्या संघाने सामन्यानंतर जाळ्या काढून खोलीत ठेवायच्या, एवढाच नियम. उरलेसुरलेंना जाळीची गुंडाळी इतकी सफाईने करता येऊ लागली होती की बाकीचे संघ तारीफ करत.

टिटवी पुढच्या फळीत खेळायची. ती तिथे का, याला तसं काही कारण नव्हतं. ओरडणारं कुणीतरी पुढे असावं, असं सगळ्यांना वाटलं असावं. पळायला चपळ, पण गोल म्हणाल तर आजवर तिच्या नावावर एकही नव्हता.

ज्या सामन्यापासून सगळं सुरू झालं तो नर्सिंग कॉलेजच्या मुलींशी होता. त्यांची गोलकीपर धिप्पाड, तिला 'भिंत' म्हणत. तरी त्या दिवशी कसं कोण जाणे, शेवटची शिट्टी जवळ आली तेव्हा बरोबरी होती. उरलेसुरलेंच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. मुली नुसत्या बरोबरीच्या कल्पनेनेच बावरून गेल्या होत्या. तेवढ्यात कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू थेट टिटवीच्या पुढ्यात येऊन पडला आणि समोर बघते तर कुणीच नाही. ती सुटली. भिंत तिला अडवायला पुढे धावून आली, तिचा पाय मैदानातल्या खड्ड्यात गेला आणि ती गुडघा धरून आडवी झाली. गोल मोकळा. आत नुसती जाळी.

टिटवीने पाय उचलला, मारला आणि चेंडू गोलपासून लांब, बाजूच्या रेषेबाहेर, उभ्या केलेल्या गाड्यांत गेला. त्याच धावेत ती भिंतीपर्यंत पोचली आणि तिच्याशेजारी गुडघ्यावर बसली. शिट्टी झाली. नर्सिंगच्या मुली धावत आल्या, त्यांनीच एकमेकींना सूचना देत गुडघा बांधला आणि भिंतीला उचलून नेलं.

बरोबरीत सामना संपला तर जाळ्या कुणी काढायच्या, हा नियम कुणाला माहीतच नव्हता. सवयीने उरलेसुरलेंनीच काढल्या.

"काय गं, एवढा मोकळा गोल होता," टिटवीची मैत्रीण म्हणाली. ही संघातली कायमची बदली खेळाडू, चालण्याच्या गतीवरून तिला सगळ्या गोगलगाय म्हणत. खेळायला मिळत नसे म्हणून ती रेषेबाहेर उभी राहून फोनवर सामने काढायची.

"चुकला," टिटवी म्हणाली.

"कसा काय?"

"कसा म्हणजे? चुकतो तसा."

चिडचिडतच ती घरी गेली, जेवली आणि झोपली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती कामावर पोचली, तर मॅडम तिच्याच खुर्चीत बसलेल्या. "ये ये. सकाळपासून हाच फिरतोय सगळीकडे. कुणीतरी उचलायच्या आत आपल्याला हवाय. पटकन बघ आणि सांग, खरा की बनवलेला."

पडद्यावर एक मैदान. लांबून काढलेलं, जरा हलणारं. एक मुलगी चेंडू घेऊन धावतेय. गोलकीपर पडते. धावणारी मुलगी चेंडू बाहेर मारून देते आणि जाऊन पडलेलीच्या शेजारी बसते. वर ठळक अक्षरांत ओळ होती: 'तिने गोल सोडला, माणूस निवडला.'

टिटवीने तो एकदा पाहिला. मग परत लावला. आपलीच पाठ माणसाला पटकन ओळखू येत नाही. ओळखू आला तो बुटाचा सुटलेला बंद.

"मॅडम, ही मी आहे."

"कोण?"

"ही धावणारी."

मॅडमनी तोंडातला घास थांबवला. हे सहसा होत नसे. मग त्यांनी अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा आवाज काढला, सगळ्यांना बोलावलं आणि टिटवीच्या पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. "अगं, मग प्रश्नच मिटला! खरा आहे तर!"

"व्हिडिओ खरा आहे," टिटवी म्हणाली. "पण तसं झालं नव्हतं."

"म्हणजे?"

"मी गोल मारत होते. तो चुकला."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं, टिटवीकडे पाहिलं. मग मॅडम हसल्या. "तू फार साधी आहेस. थांब, हळू करून बघू."

त्यांनी व्हिडिओ एकेक चित्र थांबवत पुढे नेला. सगळे पडद्याला नाक लावून उभे. "हे बघ, पाय वळवलायस. गोलकडे जाणारा पाय असा बाहेर वळतो का?"

टिटवीने बघितलं. पाय खरंच बाहेर वळला होता. तिच्याही नकळत तिचं रोजचं डोकं चालू झालं. तिने माऊस हातात घेतला आणि चित्र आणखी मागे नेलं. भिंत पडते. पुढच्याच चित्रात धावणारीची मान तिच्याकडे वळते. मग पाय. आधी मान, मग पाय. हा व्हिडिओ दुसऱ्या कुणाचा असता तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं: मुलीने आधी पाहिलं आणि मग ठरवून चेंडू बाहेर मारला. शंभर टक्के खरा.

पण तो दुसऱ्या कुणाचा नव्हता. आणि तिला आठवत होतं ते असं, की गोल दिसला, पाय उचलला आणि चेंडू गेला भलतीकडे. मान वळवल्याचं तिला अजिबात आठवत नव्हतं.

"मग?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही," टिटवी म्हणाली. त्या खोलीत तिच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा निघाले होते.

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या आणि 'खरा'वर त्यांनी स्वतःच क्लिक केलं.

घरी पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. तिचे बाबा लिफ्टची दुरुस्ती करत. गावातल्या निम्म्या इमारतींत त्यांची ये-जा होती आणि लिफ्ट बंद पडलेली असली की माणसांना ऐकण्यावाचून दुसरं काही करता येत नाही. त्या दिवशी त्यांनी किती जणांना आपल्या मुलीचा व्हिडिओ दाखवला, याचा हिशेब नव्हता.

"एक म्हाताऱ्या बाई तर रडल्या," बाबा सांगत होते. "म्हणाल्या, असे संस्कार हवेत. मी म्हटलं, आम्ही काही विशेष केलं नाही हो, पोरगी मुळातच तशी."

"बाबा, मला गोल मारायचा होता."

"हो का," बाबा मायेने म्हणाले, ताप आलेल्या माणसाशी बोलावं तसं. "मोठेपणा घ्यायचा नसतो, ते बरोबरच आहे."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. शाळेत हस्तकला शिकवून आली होती, बोटांना अजून डिंक चिकटलेला. ती मान वर न करता म्हणाली, "मला विचारशील तर तुझा नेम चुकला."

दिवसभर हेच सांगून टिटवीचा घसा बसला होता. आता कुणीतरी तिचंच म्हणणं म्हणालं, आणि तिला एकदम राग आला. "म्हणजे? मी मुद्दाम सोडूच शकत नाही का?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हटलंस. तसंच म्हटलंस."

"तूच तर आत्ता म्हणालीस ना, की चुकला म्हणून?"

"मी म्हणाले. पण तू कशाला म्हणतेस?"

आईने घडी खाली ठेवली आणि मुलीकडे नीट पाहिलं. "लहानपणी तुझा चुलतभाऊ सायकलवरून पडला, तेव्हा तू आधी पोट धरून हसलीस आणि मग धावलीस. हसलीस तेही तूच, धावलीस तेही तूच. मला तेव्हाही काही कळलं नव्हतं." एवढं बोलून तिने पुढचा सदरा उचलला.

टिटवी आपल्या खोलीत जाऊन बसली. आपल्याला राग कशाचा आला, हे तिला कळेना. लोक खोटी स्तुती करताहेत याचा, की आईने ती काढून घेतली याचा?

खरी पंचाईत मैदानावर झाली. नेम चुकला होता, तेव्हा कुणी फारसं बोललं नव्हतं. चुकणं ही त्या संघात घरचीच गोष्ट होती. पण आता सगळ्यांनी व्हिडिओ बघितला होता. बूट घालता घालता बचावफळीतली एक मुलगी म्हणाली, "मुद्दाम सोडायचा होता, तर निदान आम्हाला विचारायचंस. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो असतो."

"मी मुद्दाम नाही सोडला."

"अख्खं जग म्हणतंय सोडला."

"जग तिथे होतं का? तुम्ही होतात!"

"आम्ही दमून खाली बघत होतो," दुसरी म्हणाली. "आम्हाला पण व्हिडिओतच दिसलं."

टिटवीने गोगलगायीला गाठलं. "ती ओळ तू लिहिलीस?"

"हो." गोगलगायीने नखं बघितली. "आधी लिहिलं होतं, 'आमची टिटवी आणि तिचा नेम'. कुणी बघेना. मग बदललं."

"पण तुला काय वाटतं? तू तर फोनमधून बघत होतीस. मी सोडला की चुकला?"

गोगलगाय बराच वेळ विचार करत राहिली. ती कुठलीच गोष्ट घाईने करत नसे. "मी फोनची बॅटरी बघत होते," ती शेवटी म्हणाली.

त्या दिवशी सरावात कुणी टिटवीकडे चेंडू दिला नाही. तीही ओरडली नाही. बसथांब्यावरच्या माणसांनाच काय ते बरं वाटलं असेल.

आता उरली एकच व्यक्ती. भिंत कुठे राहते ते तिने नर्सिंगच्या मुलींना विचारून काढलं आणि एका दुपारी जाऊन धडकली. वसतिगृहाची खोली, दोन कॉट, एका कॉटवर उशांच्या ढिगावर ठेवलेला बांधलेला पाय. भिंत हाडांच्या आकृत्यांचं जाड पुस्तक वाचत होती. जवळून बघितल्यावर ती तेवढी धिप्पाड नव्हती.

"ये," भिंत म्हणाली. "देवी आली दर्शन द्यायला."

"तू पण सुरू नको होऊस."

"मग काय करू? सकाळपासून वॉर्डातल्या तीन सिस्टर येऊन गेल्या. 'हीच ती बिचारी' म्हणाल्या. बिचारी! त्या अख्ख्या सामन्यात मी किती गोल अडवले, ते कुणी काढलं नाही. पडले तेवढं काढलं. माझी आत्या फोनवर रडली. मावशी म्हणाली खेळ सोड. मी म्हटलं, अगं खड्डा होता, खड्डा! ज्याने मैदान सपाट करायचं त्याला बोल."

टिटवी कॉटच्या कडेवर टेकली. हे काही तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. व्हिडिओ काढणाऱ्याला विचारायचं, हे तर तिचं पोटापाण्याचं काम. आजवर कितीतरी लोकांना तिने विचारलं असेल. पण त्या व्हिडिओत जो पडतो, घसरतो, रडतो, त्याला विचारायची पद्धतच नव्हती. कपाटाखालच्या त्या मुलाला कुणी विचारलं होतं?

"माझ्या ऑफिसने तो घेतलाय," ती म्हणाली. "मी काढून टाकायला सांगते."

"त्याने काय होणार?"

"काही नाही होणार," टिटवीने कबूल केलं. "तरी सांगते."

भिंतीने पुस्तक मिटलं. "एक सांगू? तू मारला असतास तरी मी अडवला असता."

"तू आडवी झाली होतीस!"

"आडवी होऊन अडवला असता."

दोघी हसल्या. मग टिटवीने ज्यासाठी आली होती ते विचारलं. "तुला काय आठवतंय? खरं सांग. मी चुकले की सोडला?"

"तू ओरडलीस," भिंत म्हणाली.

"मी तर कायमच ओरडते."

"तसं नाही. मी पडले आणि तू ओरडलीस, 'पडली!' आणि मग चेंडूचा आवाज आला."

"आधी ओरडले? नक्की? चेंडूच्या आधी?"

भिंत जरा घुटमळली. "मला वाटतं आधी. पण गुडघा असा कळवळत होता की मी डोळे मिटून घेतले होते. नंतर असेल. नाही... आधीच. तू असं विचारलंस की मलाही कळेनासं होतंय."

टिटवीने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आपण 'पडली' म्हणून ओरडलो, हे तिला काडीचं आठवत नव्हतं.

तिने ऑफिसात सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. "आपण काढला तरी बाकी शंभर ठिकाणी राहणार," त्या म्हणाल्या, "पण तुझ्यासाठी काढते." आणि काढला. फरक पडला नाही तो नाहीच. कामात मात्र पडला. टिटवी आता 'खरा' असं पटकन म्हणेनाशी झाली. जिन्यावरून गडगडलेल्या एका गृहस्थाला तिने स्वतः शोधून काढलं आणि विचारलं की तुमची हरकत नाही ना. त्याची होती. मॅडम म्हणाल्या, "अशाने आपल्याकडे फक्त प्राणी उरतील." आणि खरोखरच त्यांनी तिला प्राण्यांच्या टेबलावर बसवलं. बदकं, कुत्री, जांभई देणारे पाणघोडे. मॅडमनी हे रागाने केलं की तिला जरा उसंत मिळावी म्हणून, तेही टिटवीला ठरवता आलं नाही.

आणि मग कॉलेजने तिचा सत्कार ठेवला. प्राचार्यांनी तिला बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि 'खिलाडूवृत्ती' हा शब्द चारदा उच्चारला. ती म्हणाली, "सर, मला खात्री नाही की मी तसं केलं." प्राचार्य म्हणाले, "अगदी हेच बोल. फार छान वाटेल."

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत आईबाबा. बाबा इस्त्रीच्या शर्टात, आई हातात पर्स घट्ट धरून. मागे उरलेसुरले, अजून जरा फुगलेल्याच. टिटवी माइकपुढे उभी राहिली. मैदान गाजवणारा तो आवाज आता कुठे गेला होता कोण जाणे.

"मला वाटत होतं माझा नेम चुकला," ती म्हणाली. "मग मी व्हिडिओ पाहिला, तर त्यात मी आधी मान वळवते. मग मला वाटलं, सोडला असेन. पण सोडला असता तर सोडताना काहीतरी वाटलं असतं ना? मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. नंतर चिडचिड झाली. जी पडली तिला मी विचारलं. तिलाही नक्की माहीत नाही. माझ्या संघाला वाटतं मी त्यांचा विजय घालवला. तो मी घालवलाच, कसाही घालवला असला तरी. तर मला सांगायचंय की... मला माहीत नाही. तुम्ही टाळ्या वाजवू नका, प्लीज."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. किती नम्र मुलगी, असं लोक एकमेकांना सांगू लागले. सगळीकडे फोन वर झालेले होतेच. संध्याकाळपर्यंत तिचं भाषणही पसरलं, आणि त्याखाली लोक भांडत होते: ही खरी आहे, ही नाटकी आहे, आजकाल असं कोण बोलतं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. त्यांतल्या एकाने तिच्या भाषणाचा व्हिडिओ हळू करून दाखवला होता की बघा, 'माहीत नाही' म्हणायच्या आधी तिने खाली पाहिलं.

एक गोष्ट मात्र झाली. मागच्या रांगेतून बचावफळीतली ती मुलगी बाहेर येऊन तिच्याजवळ थांबली. "म्हणजे तुला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, तू आमच्यापासून लपवतेयस." दुसऱ्या दिवशी सरावात तिने पहिला चेंडू टिटवीकडे दिला.

काही महिने गेले. भिंतीचा गुडघा सुधारला. तिच्या कॉलेजच्या संघाने तोवर दुसरी गोलकीपर घेतली होती, म्हणून ती अधूनमधून टिटवीबरोबर नुसती चालायला येऊ लागली. एका सुट्टीच्या दुपारी दोघी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. भिंत अचानक उठली.

"चल, करून बघू."

"काय?"

"तेच. मी पडते, तू मार. तुझा जीव तरी शांत होईल."

"वेडी आहेस का? गुडघा!"

"हळू पडेन. शिकलेय मी कसं पडायचं ते."

टिटवीने खूप नाही म्हटलं आणि मग चेंडू घेऊन मागे गेली. भिंत पुढे आली आणि पाळणाघरातल्या मुलासारखी अलगद आडवी झाली. टिटवीने मारला. चेंडू थेट जाळीत. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. टिटवीने मोकळ्या गोलमध्ये मारलेला तो पहिला चेंडू. बघायला कुणी नव्हतं.

"म्हणजे मी सोडला होता," टिटवी म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, जणू ही वाईट बातमी होती.

"परत कर. एकाने काय कळतं?"

परत केलं. या वेळी चेंडू सरळ बाहेर, कुंपणाजवळ माळ्याने नुकतंच गवत पेरून ओलं केलेल्या वाफ्यात जाऊन रुतला. "म्हणजे चुकला होता," भिंत जमिनीवरूनच म्हणाली. टिटवीने वाफ्यात शिरून चेंडू आणला. तिसऱ्या वेळी ती धावत आली, पाय उचलला आणि भिंत आडवी होताना किंचित कण्हली म्हणून मध्येच थांबली. चेंडू तिथेच पडून राहिला.

"आता हा काय म्हणायचा?" भिंतीने विचारलं.

उत्तर द्यायच्या आधी माळी येऊन ठेपला. म्हातारा, हातात दाताळं, चेहरा लाल. त्याने वाफ्यातला तो खळगा दाखवला. "सकाळपासून कंबर मोडून पेरलंय मी! कुणी मारला?"

"मी," भिंत म्हणाली.

टिटवीने तिच्याकडे पाहिलं. भिंत अजून जमिनीवर बसलेली, पायाला पट्टा, आणि चेहऱ्यावर काही नाही. माळ्याने तिच्या पट्ट्याकडे बघितलं, मग टिटवीच्या मातीने भरलेल्या बुटाकडे बघितलं आणि दाताळं टिटवीच्या हातात दिलं. "तू सारखं कर. हिला बसू दे."

माळी उन्हातून बाजूला जाऊन उभा राहिला. टिटवी वाफा सारखा करू लागली. ओली माती दाताळ्याला चिकटत होती. भिंत उपड्या बादलीवर बसून "इकडे राहिलं, तिकडे राहिलं" करत होती.

"तू कशाला सांगितलंस?" टिटवीने हळूच विचारलं.

"काय?"

"की तू मारला."

भिंतीने विचार केला. खरोखर केला. तिच्या कपाळावर आठी दिसत होती. "कोण जाणे," ती म्हणाली. "तोंडातून निघून गेलं. तो ओरडला, मी म्हटलं. तू म्हणायच्या आत म्हणायचं होतं की नुसतंच म्हटलं, ते मला विचारू नकोस आता."

"नाही विचारत," टिटवी म्हणाली.

पुढच्या मोसमात भिंत उरलेसुरलेंकडून खेळू लागली. संघाला पहिल्यांदाच खरी गोलकीपर मिळाली. ते तरीही बहुतेक सामने हरले, पण कमी फरकाने. टिटवी कॉलेज संपवून मॅडमकडेच पूर्ण वेळ लागली आणि हट्टाने माणसांच्या टेबलावर परत आली. व्हिडिओत जो पडलाय त्यालाही विचारायचं, ही पद्धत तिने तिथे पाडली. मॅडम कुरकुरल्या, पण त्यांनी मोडली नाही.

बाबा अजून लिफ्टमध्ये तो व्हिडिओ दाखवतात. कधी ती बरोबर असली की माणसं विचारतात, "खरंच सोडला होतास गोल?" कधी ती हो म्हणते, कधी नाही म्हणते. बाबा दर वेळी तितक्याच अभिमानाने मान हलवतात. मग लिफ्ट सुरू होते आणि सगळे आपापल्या मजल्यावर उतरतात.